संस्थेला कधी कळलं? ती तारीख कागदावर आणा, नाहीतर दुसऱ्यांदा फसाल

मोठ्या संस्थेकडून फसलेला माणूस बहुतेक वेळा दोनदा फसतो. पहिल्यांदा पैसा, नोकरी, तब्येत किंवा अब्रू जाते. दुसऱ्यांदा तो फसतो ते तक्रार घेऊन गेल्यावर. समोरचे लोक अदबीने वागतात, बसायला खुर्ची देतात, ‘आम्ही लक्ष घालतो’ म्हणतात. दोन वर्षांनी हातात तेवढं एक वाक्यच उरतं, आणि तेही कुणी म्हटलं होतं याचा पुरावा नसतो. पहिल्या फसवणुकीपासून सावध करणारं लिखाण भरपूर आहे. इथे दुसरीबद्दल.

गैरप्रकार झाला हे दाखवणं तुलनेने सोपं असतं. कागद जुळत नाहीत, आकडे बोलतात, माणसं सांगतात. खरी मेख पुढे आहे: अमुक माणसाला अमुक तारखेला हे ठाऊक होतं आणि तरीही त्याने ते चालू ठेवलं, हे दाखवणं. चूक आणि लबाडी यांच्यामधली रेघ बहुतेक कायद्यांत इथेच पडते. म्हणून वाईट संस्थेचा पहिला बचाव ‘आम्ही केलं नाही’ असा नसतो, ‘आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती’ असा असतो. तक्रार खिडकीची सगळी रचना मग एकाच कामाला लागते: माहिती आत यावी, पण ती कुणाच्याही नावावर तारखेनिशी चढू नये.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण यासाठी नीट समजून घ्यावं असं आहे. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये फुजित्सु कंपनीची ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली बसवली गेली. शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर हे पगारी नोकर नव्हते, करारावर काम करणारे होते. पडद्यावर तूट दिसू लागली, पण गल्ल्यात हात घालणारं कुणीच नव्हतं. हिशेब जुळल्याचं मान्य केल्याशिवाय प्रणाली पुढचा कालावधी उघडू देत नसे. म्हणजे तीनच वाटा: खिशातून भरा, कर्ज म्हणून डोक्यावर घ्या, किंवा जुळलं असं लिहा. तिसरी वाट धरणाऱ्यावर पुढे खोट्या हिशेबाचा आरोप लागला. काहींना तर चोरीचा आरोप मागे घेण्याच्या बदल्यात खोट्या हिशेबाची कबुली द्यायला लावली आणि होरायझनला दोष देणार नाही अशी अटही घातली. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतल्या सुमारे ७०० जणांवर खटला भरणारं खुद्द पोस्ट ऑफिसच होतं. तपास त्यांचा, फिर्याद त्यांची आणि तूट मोजणारं यंत्रही त्यांचंच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच प्रकार.

या लोकांना मदतवाहिनीवर सांगितलं जायचं, ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.’ हे वाक्य लक्षात ठेवा. संस्थेच्या शस्त्रागारातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार हत्यार. ते ऐकलं की माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो आणि दुसऱ्यांना विचारायला लाजतो. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी त्या मदतवाहिनीला ९१ वेळा फोन केले. २००७ मध्ये ते दिवाणी खटला हरले. तूट सुमारे २६ हजार पाउंडांची, पण अंगावर आलेला खटल्याचा खर्च ३ लाख २१ हजार पाउंड. ते ९१ फोन त्यांना वाचवू शकले नाहीत.

इथून पहिला व्यवहार शिकायचा. फोन किंवा भेट झाली की त्याच दिवशी लेखी पत्र किंवा मेल जायला हवा, आणि तो ‘मदत विभाग’ अशा बिनचेहऱ्याच्या पत्त्यावर नको, नाव आणि पद असलेल्या माणसाला हवा. मजकूर एवढाच: ‘आज सकाळी ११.२० वाजता आपण मला पुढील तीन गोष्टी सांगितल्या. माझ्या समजुतीत चूक असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’ समोरचा गप्प बसला तरी तारीख पडते. कागद हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का, सही आणि वेळ घ्या. शिक्का नाकारला तर तोच कागद पोचपावतीच्या टपालाने पाठवा आणि वर लिहा की आज समक्ष दिला असता स्वीकारला नाही. एका पत्रात एकच विषय ठेवा. सात तक्रारी एकत्र लिहिल्या की उत्तर सगळ्यात किरकोळ तक्रारीचं येतं आणि बाकीच्या सहा ‘निकाली’ निघतात. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही इतकंच देता येईल. ‘या प्रकाराबद्दल आपलं म्हणणं काय?’ या प्रश्नाला दोन पानं गोड भाषा मिळते. ‘३ तारखेचा अहवाल आपण वाचला आहे का?’ या प्रश्नाला गोड भाषा पुरत नाही.

पोस्ट ऑफिसच्या बाबतीत अशी तारीख होती. १५ जुलै २०१३ रोजी त्यांच्याच बाजूचे बॅरिस्टर सायमन क्लार्क यांनी लेखी सल्ला दिला: फुजित्सुच्या ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर खटले उभे होते, त्याला प्रणालीतले दोष माहीत असूनही त्याने ते न्यायालयापुढे मांडले नव्हते, सबब त्याची विश्वासार्हता संपली आहे. पुढच्याच महिन्यात त्यांनी दुसरं टिपण लिहिलं, कारण या दोषांवर चर्चा करणाऱ्या बैठकांची इतिवृत्तं फाडून टाकण्याची सूचना दिली गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. हे कागद आरोपींच्या वकिलांसमोर आले २०२० च्या नोव्हेंबरमध्ये. मधली सात वर्षं मध्यस्थीच्या बैठका, खुलासे आणि ठाम नकार यांत गेली. फुजित्सुचे लोक शाखेच्या हिशेबात बाहेरून नोंद घालू शकत होते, हेसुद्धा या काळात नाकारलं जात होतं. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच निकालात रद्द केल्या.

इतिवृत्त फाडण्याची गोष्ट अपवाद समजू नका. त्यामुळे पुरावा जपण्याची नोटीस तक्रारीच्याही आधी किंवा तिच्यासोबत गेली पाहिजे. तिच्यात ‘सर्व संबंधित नोंदी’ असं मोघम लिहू नका. नेमकं लिहा: अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेतलं सीसीटीव्ही चित्रण, कॉल रेकॉर्डिंग, प्रणालीत कुणी केव्हा बदल केला त्याचा लॉग, अमुक दोन व्यक्तींमधले मेल, बैठकीचं टिपण. सीसीटीव्हीवर ठरावीक दिवसांनी नवं चित्रण चढतं, आणि ते दिवस अनेकदा आठवड्यांतच मोजावे लागतात. चौकशी समिती नेमेपर्यंत काही उरत नाही. नोटीस पोचल्यावर नोंद नष्ट झाली तर ती नष्ट करणं हाच स्वतंत्र प्रश्न होतो, आणि न्यायालयात तो बरेचदा मूळ प्रश्नापेक्षा जड जातो.

आपल्याकडचा पुरावा सांभाळताना लोक दोन चुका हमखास करतात. मूळ कागद ‘पडताळणीसाठी’ देऊन टाकतात; द्यायची ती फक्त प्रत, मूळ दाखवायचं आणि परत घ्यायचं. दुसरी चूक, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट कापून, खुणा करून जपतात आणि मूळ संभाषण पुसतात. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या ठिकाणी ठेवा, खुणा करायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर. मेल छापून ठेवणं पुरेसं नाही, तो हेडरसकट जतन करा. कुठून कधी निघाला ते हेडरमध्ये असतं. आणि तुम्ही त्याच संस्थेत काम करत असाल तर गोपनीय फाइलींचा गठ्ठा स्वतःच्या खासगी मेलवर धाडण्याआधी वकिलाला विचारा. पुष्कळ खरे तक्रारदार याच एका कृतीमुळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आहेत. मूळ गैरप्रकार बाजूला पडतो आणि चर्चा ‘डेटा चोरी’ची सुरू होते.

सोबत एक तक्ता ठेवा: तारीख, काय घडलं, कोण हजर होतं, पुरावा कुठे आहे. तुमचा अंदाज किंवा संशय त्यात घालू नका, त्याला वेगळं पान द्या. तक्त्यात एक जरी अंदाज वस्तुस्थिती म्हणून सापडला तरी समोरचा वकील तेवढाच धरून बसतो.

आता चौकशी. ‘स्वतंत्र चौकशी’ हे शब्द ऐकून हायसं वाटतं, पण आधी पाच गोष्टी लेखी मागा: चौकशी करणाऱ्याला नेमलं कुणी, पैसे कोण देतो, कार्यकक्षा काय, अहवाल कुणाच्या हातात जाणार, आणि तो तक्रारदाराला मिळणार का. कार्यकक्षा सगळ्यात बारकाईने वाचा. ‘कार्यपद्धतीतील त्रुटी तपासणे’ असं असेल तर कुणी काय केलं हा प्रश्न चौकशीबाहेर गेलाच. पोस्ट ऑफिसने २०१२ मध्ये ‘सेकंड साइट’ या बाहेरच्या हिशेबतज्ज्ञांना नेमलं. ते अडचणीचे प्रश्न विचारू लागले आणि २०१५ मध्ये त्यांचं काम काढून घेतलं गेलं.

नियामकाकडे गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. न्यूयॉर्कचा गुंतवणूक व्यावसायिक बर्नार्ड मॅडॉफ याच्या गुंतवणूक घोटाळ्याबद्दल हॅरी मार्कोपोलोस या वित्त विश्लेषकाने अमेरिकेच्या रोखे नियामकाला २००० पासून वारंवार लिहून दिलं होतं. २००६ मध्ये मॅडॉफने साक्षीत आपल्या रोख्यांच्या खात्याचा क्रमांक सांगितला. तो खातं असलेल्या संस्थेकडे पडताळून पाहायला एक विचारणा पुरली असती, पण ती झाली नाही आणि घोटाळा डिसेंबर २००८ पर्यंत चालला. म्हणून नियामकाला लिहिताना आरोप कमी आणि पडताळणीची वाट जास्त लिहा: अमुक माहिती अमुक तिसऱ्या संस्थेकडे आहे, ती थेट त्यांच्याकडून मागवा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडून नको. आणि नियामकाच्या हातात कोणती चावी आहे ते पाहा. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रदूषण रस्त्यावर कित्येक पट जास्त असल्याचं २०१४ मध्येच मोजलं गेलं होतं. कंपनी वर्षभर तांत्रिक खुलासे देत राहिली. कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ च्या नव्या गाड्यांना मान्यता देण्याचं रोखून धरलं, तेव्हा कुठे सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली आली. खुलासा मागणारं पत्र वर्षानुवर्षं फिरतं. अडलेला परवाना आठवड्यांत बोलतं करतो.

प्रकरण फारच अंगाशी आलं तर संस्था बळीचा बकरा पुढे करते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला, तेव्हा बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचं सांगितलं. बहुतेक खालच्या फळीतले. विक्रीचं अशक्य लक्ष्य ठरवणारे वर बसून होते. प्रमुख जॉन स्टम्फ यांच्यावर बँकिंग क्षेत्रातून कायमची बंदी आणि पावणेदोन कोटी डॉलरचा वैयक्तिक दंड २०२० मध्ये आला. ‘दोषींवर कारवाई झाली’ असं पत्र हातात पडलं की समाधान मानू नका. परत लिहा की हे लक्ष्य किंवा हा आदेश कुणाच्या सहीने निघाला आणि तक्रारींचा मासिक गोषवारा कुणाच्या टेबलावर जात होता. याच बँकेची आणखी एक चलाखी नोंदवण्यासारखी आहे: ग्राहकांच्या खऱ्या खात्याच्या करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद न्यायालयात न नेता लवादापुढेच सोडवायचा, आणि बनावट खात्यांबद्दलच्या दाव्यांनाही तेच लागू आहे असा पवित्रा बँकेने घेतला. स्वतःचा जुना करार म्हणूनच तक्रारीआधी काढून वाचावा.

फसलेले इतर लोक शोधाच. सबपोस्टमास्तरांची ‘फक्त तुम्हालाच’ ही भीती २००९ मध्ये ॲलन बेट्स या माजी सबपोस्टमास्तरांच्या पुढाकाराने ते एका गावातल्या सभागृहात एकत्र जमले तेव्हा मोडली. फक्त एक पथ्य पाळा: भेटण्याआधी प्रत्येकाने आपली हकीकत स्वतंत्रपणे, तारखेसह लिहून सही करून ठेवावी. आधी भेटून मग लिहिलं की शब्द सारखे होतात आणि ‘ठरवून केलेली तक्रार’ असा शिक्का बसतो. समाजमाध्यमावर नाव घेऊन आरोप करण्याची घाईही नको. अब्रुनुकसानीची नोटीस आली की तुमचा सगळा वेळ आणि पैसा तिकडे वळतो.

मुदतीबद्दल मात्र जागं राहावं लागतं. अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून न्यायालयात जाण्याची कालमर्यादा सहसा थांबत नाही. ‘समितीचा अहवाल येऊ द्या, मग बघू’ हे घोंगडं नेमकं ती मुदत उलटेपर्यंत भिजत ठेवलं जातं. पहिल्याच आठवड्यात वकिलाकडून सगळ्यात आधी संपणारी मुदत लिहून घ्या आणि तिच्या दोन महिने आधीची तारीख ही आपली शेवटची तारीख धरा.

शेवटी तडजोडीचा मसुदा येतो, बहुधा तुम्ही थकल्यावर. पोस्ट ऑफिसविरुद्ध ५५५ जणांनी लढून २०१९ च्या डिसेंबरमध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पाउंडांची तडजोड केली, पण त्यातला मोठा हिस्सा खटल्याच्या खर्चात आणि खटल्याला पैसा पुरवणाऱ्यांच्या वाट्यात गेला. तडजोड ‘पूर्ण व अंतिम’ असल्याने नंतर इतरांसाठी निघालेल्या भरपाई योजनेतून हेच लढणारे सुरुवातीला वगळले गेले. त्यांच्यासाठी सरकारला वेगळी योजना आणावी लागली. मसुद्यात रकमेआधी कलमं वाचा. ‘सर्व ज्ञात व अज्ञात दावे’ यातला ‘अज्ञात’ शब्द काढायला सांगा. गुप्ततेचं कलम असलंच तर पोलीस, नियामक, न्यायालय, डॉक्टर आणि वकील यांना सांगण्याची मुभा त्यात नावानिशी लिहून घ्या. इतर तक्रारदारांना साक्ष देऊन मदत करणार नाही, अशी ओळ आत दडवलेली असते. ती खोडल्याशिवाय सही नको. पैसे सहीच्या दिवशी मिळणार की ‘यथावकाश’, तेही पाहा. आणि मसुदा इथेच बसून वाचा, बाहेर नेता येणार नाही असं सांगितलं, तर पेन खाली ठेवून उठा आणि संध्याकाळच्या आत त्याच माणसाला मेल करा: ‘आज दुपारी आपण मला मसुद्याची प्रत देण्यास नकार दिलात.’