ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी: ‘सजेस्ट’ या एका शब्दावर घेतलेली परीक्षा

साध्या इंग्रजी-मराठी कोशात ‘सजेस्ट’ काढला की समोर येतं ‘सुचवणे’. अर्थ बरोबर आहे. पण तेवढ्या भांडवलावर वाक्य लिहायला घेतलं की ‘सजेस्ट मी अ गुड बुक’ ठरलेलं, कारण ‘मला एखादं पुस्तक सुचव’ यातला ‘मला’ मराठीत अगदी जागेवर असतो. अर्थ कळतो आणि वाक्य चुकतं, ते इथेच. ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ही नेमकी या जागेसाठी आहे. छापील दहावी आवृत्ती २०२० ची. वेबसाइट फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात.

‘सजेस्ट’चं पान उघडल्यावर आधी उच्चार पाहा. ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर असतात आणि या शब्दात ते खरंच वेगळे ऐकू येतात: ब्रिटिश ‘सजेस्ट’, अमेरिकन ‘सग्जेस्ट’. चिन्हांच्या ओळीत वर दिलेली छोटी उभी रेघ म्हणजे आघात, आणि ती ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर द्यायचा त्याच्या आधी येते, नंतर नाही. हे एकदा डोक्यात बसलं की ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर का, हे कोणाला न विचारता दिसतं. उलटा ‘ई’ दिसला तर तो स्वर आखूड आणि सैल म्हणायचा. मराठी वळणाने प्रत्येक अक्षर पूर्ण म्हटलं की इंग्रजी उच्चार जड होतो तो याच चिन्हाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

मग क्रमांक घातलेले अर्थ. इथे बहुतेकजण पहिला वाचून पान बंद करतात, आणि ‘सजेस्ट’च्या बाबतीत ते महागात पडतं. पहिले दोन अर्थ सुचवण्याचे, शिफारस करण्याचे. पुढे येतो तो पुराव्यावरून काही दिसून येण्याचा. परीक्षेतल्या उताऱ्यात ‘द डेटा सजेस्ट्स’ असं येतं तेव्हा आकडेवारी कोणाला सल्ला देत नसते. ‘यावरून असं दिसतं’ एवढंच म्हणायचं असतं. तिथे ‘सुचवणे’ धरून बसलेला विद्यार्थी उताऱ्याखालच्या प्रश्नात अडकतो. आणखी एक अर्थ आडून बोलण्याचा आहे. ‘आर यू सजेस्टिंग आय लाइड?’ म्हणजे ‘मी खोटं बोललो असं म्हणायचंय का तुला?’

या कोशाचा खरा कस मात्र व्याख्येच्या आसपासच्या ठळक अक्षरांत आहे. ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’, ‘सजेस्ट डूइंग समथिंग’, ‘सजेस्ट दॅट’ असे साचे तिथे दिलेले असतात. ‘सजेस्ट टू डू’ हा साचा यादीत नाही, म्हणून ‘ही सजेस्टेड टू गो’ चूक. ‘ही सजेस्टेड गोइंग’ बरोबर. ‘सजेस्ट मी’ चालत नाही हे तर वेगळी टीप देऊन सांगितलंय. म्हणजे वर सांगितलेली चूक फक्त मराठी माणसाची नव्हे, जगभरचे शिकणारे ती करतात.

नामांच्या बाबतीत चौकटी कंसातलं मोजता येतं की नाही हे बघायची सवय लावा. वेबसाइटवर ते पूर्ण शब्दांत असतं, छापील प्रतीत नुसतं सी (मोजता येणारं) किंवा यू (न मोजता येणारं). ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ यांच्यापुढे यू असतो, म्हणून ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ नाही आणि ‘फर्निचर्स’ही नाही, दुकानाच्या पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी.

व्याख्या सोप्या वाटतात त्यामागे शिस्त आहे: त्या शक्यतो निवडक नेहमीच्या शब्दांत लिहायच्या. ही कल्पना ऑक्सफर्डची नव्हे. बंगालमध्ये, ढाक्याला, इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी जे. जी. एन्डिकट यांच्यासोबत १९३५ साली काढलेल्या कोशात व्याख्यांसाठी फक्त १,४९० शब्द वापरले होते. ऑक्सफर्डचा मूळ कोश ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केला. तो टोकियोत १९४२ मध्ये आणि ऑक्सफर्डकडून १९४८ मध्ये निघाला. दोन्ही वर्गात शिकवणाऱ्यांची कामं, आणि ते पानोपानी जाणवतं.

शब्दाशेजारी ए१ (सर्वांत सोपी) ते सी१ (प्रगत) अशी पातळी असते. वेळ कमी असेल तर बी१, बी२ ची खूण असलेल्या शब्दांवर घालवा. खूणच नसलेला दुर्मीळ शब्द पाठ करून स्पर्धा परीक्षेचा निबंध सुधारत नाही, उलट चुकीच्या जागी पडून हसं होतं. वहीत एका शब्दाला चार ओळी पुरे: अर्थ, साचा, सोबत येणारे दोन शब्द, आणि स्वतःच्या गावातलं किंवा कामातलं एक वाक्य. व्याख्या उतरवून काढणं हा वेळेचा अपव्यय.

उणिवा आहेत. मराठी अर्थ कुठेच नाही, त्यामुळे आठवीच्या आतल्या मुलांना हा कोश एकटा देऊ नये. झाडं, पक्षी, अवजारं यांच्या व्याख्या वाचून वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, तिथे मराठी नाव एका क्षणात काम करतं. भारतीय इंग्रजीतले ‘लाख’, ‘क्रोर’, ‘प्रीपोन’ आहेत, पण आपल्या सरकारी पत्रव्यवहारातली भाषा इथे शोधू नये. वाक्प्रचार शोधणंही सुरुवातीला चिडवतं: ते सहसा पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली असतात, पण ‘टेक’, ‘गेट’सारखं सर्रास येणारं क्रियापद असेल तर पुढच्या शब्दाखाली जावं लागतं.

लाँगमनचा कोश (१९७८) साधारण २,००० शब्दांत व्याख्या देतो आणि नवशिक्याला जास्त सोपा जातो. कोलिन्सचा कोबिल्ड कोश (१९८७) व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो, वाचायला छान, पण पान लांबतं. साचे आणि टिपा यांत ऑक्सफर्ड सरस वाटतो.

छापील प्रत घ्यायचीच तर घरात एक जागा ठरवून ठेवण्यासाठी घ्या, दप्तरात नेण्यासाठी नको, वजन फार आहे. जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल तर मागची आवृत्तीही चालेल. साचे बदलत नाहीत. फक्त आतल्या ऑनलाइन कोडची किंमत शून्य धरून भाव करा.