ग्वाटेमाला की कोस्टा रिका? आधी सोबत कोण येतंय ते बघा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना आठ-दहा दिवसांची सुट्टी मिळाली आणि मेक्सिको बघून झालं असेल, की पुढचा प्रश्न ठरलेला, ग्वाटेमालाला जायचं की कोस्टा रिकाला. ह्यूस्टनहून दोन्हीकडे विमान तीन-चार तासांत पोचतं, दोन्हीकडे स्पॅनिश, दोन्हीकडे ज्वालामुखी आणि कॉफी, दोघांचा स्वातंत्र्यदिनसुद्धा एकच, १५ सप्टेंबर १८२१, मग लोक म्हणतात तिकीट जिथलं स्वस्त तिथे जाऊ. असं करू नका. एका देशात तुम्ही माणसं बघायला जाता आणि दुसऱ्यात जंगल, आणि घरातल्या कुणाला काय झेपतं यावर सगळं अवलंबून आहे.

दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कोंबायचा विचार असेल तर तोही सोडा. नकाशात जवळ दिसतात खरे, ग्वाटेमाला आपल्या विदर्भापेक्षा जरासा मोठा आणि कोस्टा रिका तर मराठवाड्याहून लहान, पण मधे होंडुरास, निकाराग्वा आहेत आणि देशाच्या आतलेच रस्ते असे घाटाचे की शंभर किलोमीटरला अर्धा दिवस कधी जातो कळत नाही.

ग्वाटेमालाबद्दल आपल्याकडे ऐकलेलं असतं ते माया संस्कृती, म्हणजे तिकालचे ते जंगलातून वर आलेले पिरॅमिड. ते भारी आहेतच, चौथं मंदिर साधारण ६५ मीटर उंच आहे, वर चढलं की खाली नुसता झाडांचा समुद्र. पण माया लोक कुठे नाहीसे झालेले नाहीत, देशातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक माया आहेत, वीस-बावीस माया भाषा आजही बोलल्या जातात, कित्येक आज्यांना स्पॅनिश धड येत नाही. आतित्लान तलावाकाठी होडीने या गावातून त्या गावात गेलं की बायकांच्या अंगातल्या हुइपिलची, म्हणजे हातमागाच्या ब्लाउजची, नक्षी बदलते, जाणकार माणूस नक्षीवरून गाव सांगतो. तिथल्याच सांतियागो गावात माशिमोन नावाचा देव आहे, लाकडी, त्याला सिगार आणि दारू चढते, आपल्याला तर लगेच गावाबाहेरचा म्हसोबा आठवतो. आणि ईस्टरच्या आधीच्या होली वीकमध्ये अँटिग्वाला, म्हणजे तिथल्या जुन्या राजधानीच्या गावाला, गेलात तर रस्ताभर रंगीत भुशाची रांगोळी घातलेली असते, रात्रभर खपून काढलेली, आणि सकाळी मिरवणूक ती तुडवत जाते.

हे सगळं ज्या लोकांचं आहे त्यांनी भोगलंय पण तितकंच. १९५४ मध्ये निवडून आलेलं सरकार सीआयएच्या मदतीने पाडलं गेलं, मग १९६० ते १९९६ यादवी युद्ध, दोन लाखांच्या आसपास माणसं मेली किंवा गायब झाली, त्यात बहुतेक माया. बाजारात तुम्हाला कापड विकणाऱ्या साठीतल्या बाईने ते पाहिलेलं असणार, एवढं डोक्यात ठेवून मग भाव पाडायचा का ते ठरवा.

कोस्टा रिकाने त्याच काळात उलटी वाट धरली. १९४८ च्या छोट्या यादवी युद्धानंतर, ते जिंकलेल्या फिगेरेस नावाच्या नेत्याने लष्करच बंद केलं, सान होसेच्या बॅरेकची भिंत स्वतः हातोड्याने फोडली, त्या इमारतीत आता राष्ट्रीय म्युझियम आहे आणि भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. लष्कराचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळला. नंतर तोडलेलं जंगलही परत वाढवलं, १९९६ च्या कायद्याने जमीनमालकाला झाडं राखायचे पैसे मिळायला लागले, आज निम्म्याहून जास्त देश हिरवा आहे. त्यामुळे पोरांना घेऊन जायला याच्यासारखा देश नाही, मान्वेल अंतोनियोच्या नॅशनल पार्कात स्लॉथ आणि माकडं, तोर्तुगेरोला कासवं, मोंतेवेर्देला ढगातलं जंगल. फक्त मान्वेल अंतोनियो मंगळवारी बंद असतं आणि तिकीट आधी ऑनलाईन काढावं लागतं, कोर्कोवादो नावाच्या पार्कात गाईडशिवाय सोडत नाहीत.

आता खिसा. कोस्टा रिका महाग आहे, सरळ सांगतो, लॉज, गाईड, पार्क सगळं, आणि भाड्याच्या गाडीचा ऑनलाईन दिसणारा भाव बघून खूश होऊ नका, तिथला सक्तीचा इन्शुरन्स काउंटरवर वाढतो. ग्वाटेमालात त्याच पैशात जवळपास दुप्पट दिवस निघतील, अँटिग्वात एकास एक शिक्षक घेऊन आठवडाभर स्पॅनिशही शिकता येईल. पण गुन्हेगारीची भीती आहे, रात्रीचा प्रवास नको, राजधानीत उगाच भटकणं नको, तिथे एसटीसारख्या चालणाऱ्या रंगवलेल्या जुन्या अमेरिकन स्कूलबसचा फोटो काढा आणि स्वतः टूरिस्ट शटलने जा. कोस्टा रिकात पर्यटकाला जास्त करून त्रास म्हणजे पार्क केलेल्या गाडीतून बॅग जाणे.

आई-बाबा सोबत असतील तर माझं मत कोस्टा रिका, डोळे झाकून. अँटिग्वाची हवा छान आहे, उंची महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्तच, पण दगडी रस्त्यांवर गुडघे बोलायला लागतात. दोघं-चौघं मित्र असाल, पायात दम असेल, तर ग्वाटेमाला सोडून दुसरीकडे बघूसुद्धा नका. आकातेनांगो ज्वालामुखीवर, ज्याचं शिखर जवळपास ३,९७६ मीटरवर आहे, शिखराच्या थोडं खाली तंबूत कुडकुडत बसायचं आणि समोर फुएगो ज्वालामुखी रात्रभर लाल ठिणग्या उडवतोय. हाच फुएगो जून २०१८ मध्ये अख्खं गाव गाडून गेला, त्यामुळे गाईड थांब म्हणाला की थांबायचं.

शाकाहारींना दोन्हीकडे भात, काळे राजमे आणि मक्याच्या टॉर्टिया, ग्वाटेमालात तर बायका हातावर भाकरीसारख्याच थापतात. राजमे डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात, ‘सिन मान्तेका’ म्हणायचं. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर चिकन येतं, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे मुख्यतः बीफ.

कोस्टा रिकात पत्ता विचारलात तर पुण्यात असल्यासारखं वाटेल, चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, किंवा जुन्या झाडापासून, आणि ते झाड कधीच पडलेलं. ग्वाटेमालाहून येताना वेलदोडे आणा, जगात सगळ्यात जास्त निर्यात तेच करतात, रोप मूळचं आपल्याकडचं, तिथे मात्र चहात कोणी घालत नाही. आणि केत्साल पक्षी, ज्याच्या नावाने ग्वाटेमालाची नोट चालते, तो प्रत्यक्ष बघायचा असेल तर गंमत अशी की कोस्टा रिकातलं सान हेरार्दो दे दोता जास्त सोपं पडतं.