नमुना एका छतावर, काम दुसऱ्या छतावर

आमच्या हॉलच्या छतावरचा दाणेदार थर काढायला आलेल्या ठेकेदाराने आम्हाला फसवलं ते पहिल्या पंधरा मिनिटांत, आमच्या डोळ्यांदेखत. ते कळायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले. ज्यांच्या घरी असं छत आहे त्यांनी काम ठरवण्याआधी हे वाचावं, म्हणून सगळं खुलासेवार लिहिते आहे.

घर जुनं आहे. हॉल आणि झोपायची खोली, दोन्हीकडे छतावर लाह्या चिकटवल्यासारखा खरबरीत थर. त्यात कोळिष्टकं अडकतात, झाडू लावला की दाणे गळतात, दिवा लावला की सगळं छत डागाळल्यासारखं दिसतं. आधी राहून गेलेल्यांनी त्यावर वेळोवेळी रंग मारलेला होता, किमान तीन हात. आम्हाला ते छत सपाट हवं होतं, एवढंच.

ठेकेदार आला, छताकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ताई, आधी काम बघा, मग पैशाचं बोलू." ही भाषा आम्हाला आवडली. त्याने विचारलं, "नमुना कुठे करून दाखवू? इथे हॉलमध्ये पाणी सांडेल, आतल्या अडगळीच्या खोलीत करतो." तिथलं छतही तसंच दाणेदार होतं. त्याने फवाऱ्याने पाणी मारलं, दहा-बारा मिनिटं थांबला आणि रुंद खरवडणी फिरवली. सगळा थर ओल्या पिठासारखा लोंबत खाली आला. आत स्वच्छ बोर्ड. वीतभर चौकोन गुळगुळीत झाला, आम्ही हात फिरवून पाहिला. "दोन दिवसांत हॉल तयार," तो म्हणाला, आणि आम्ही निम्मी रक्कम त्याच संध्याकाळी दिली.

अडगळीच्या खोलीतल्या छताला रंग कधी लागलाच नव्हता, हे त्याला पहिल्या नजरेत दिसलं होतं. आमच्या ते ध्यानातही आलं नाही.

सगळी मेख इथे आहे. हा थर बहुतेक वेळा जिप्सम किंवा खडूच्या भुकटीचा असतो, त्यात चिकटवणारं द्रव्य घातलेलं असतं. कोरा असेल तर तो पाणी शोषून घेतो, मऊ पडतो आणि सहज सुटतो. पण त्यावर रंग चढला की दाण्यादाण्यावर एक पापुद्रा तयार होतो. पाणी आत जातच नाही, ओघळून खाली येतं. ऑइल पेंट असेल तर विचारूच नका. अशा छतावर पाण्याचा उपाय करायचा तर कोमट पाण्यात थोडं भांड्याचं साबण घालून पुन्हा पुन्हा भिजवावं लागतं, वर प्लास्टिक लावून तासन् तास ओल टिकवावी लागते, नाहीतर थर मऊ करणारा लेप जाड फासून ठेवावा लागतो किंवा वाफ द्यावी लागते. त्यातही पाणी जास्त झालं तर जिप्सम बोर्डाचा कागद सुटतो आणि बोर्ड खाली झुकतो. म्हणजे रंगवलेलं छत आणि कोरं छत ही दोन वेगळी कामं आहेत. वेळ वेगळा, मजुरी वेगळी. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी दुपारी त्याने मला हॉलमध्ये बोलावलं. छताचा एक कोपरा ओरबाडल्यासारखा झाला होता. "ताई, हे तर रंगवलेलं निघालं. असं असेल तर दर वेगळा." मी म्हटलं, रंग तर पहिल्या दिवसापासून दिसतोय. त्यावर त्याने आम्ही सही केलेला कागद काढला. त्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती: रंगाच्या थरांनुसार जादा आकारणी. किती थरांना किती, कोण मोजणार, काहीच नाही. "छत सपाट करून देणे" हे शब्द तर कुठेच नव्हते. होतं ते फक्त "छताचा थर काढणे". सामान बाहेर पडलेलं, जमिनीवर प्लास्टिक पसरलेलं, छत अर्धवट. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाटाघाटी करून आम्ही मूळ रकमेच्या जवळजवळ दीडपट द्यायला कबूल झालो.

ही पैशांची बाब मी एकवेळ विसरेन. पुढे जे झालं ते विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले होते, घरी आई होती. त्या लोकांनी पाणी, फवारा सगळं बाजूला ठेवलं आणि घासाईचं मशीन लावून कोरडंच घासायला सुरुवात केली. आईचा फोन आला तेव्हा ती खोकत होती. घरी पोचले तर दारापासून आतपर्यंत पांढरी धूळ. दिवाणावर, पांघरुणांवर, स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर. मजुरांच्या तोंडाला साधे रुमाल बांधलेले. दोन कोवळी पोरं होती ती, त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. आजही मला त्यांचीच जास्त काळजी वाटते, कारण आमच्या घरी ती तीनच दिवस होती, पण हे काम ती रोज करतात.

काम ठरवताना मी ॲसबेस्टॉसबद्दल, म्हणजे श्वासात गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतूंच्या खनिजाबद्दल, विचारलं होतं. कुठेतरी वाचलं होतं, जुन्या दाणेदार छतांत ते असू शकतं. त्याने लगेच मोबाइलवर एक प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. "सगळं तपासलेलं आहे, ताई, असल्या छतात काही नसतं." मी ते वाचून समाधान मानलं. आमच्या छताचा नमुना कुणी घेतलाच नव्हता, मग अहवाल आमचा कसा असेल, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम "पूर्ण" झालं. छताला लांबी (पुट्टी) भरून, वर पांढरा रंग मारून, खोलीच्या मधोमध एक मोठा दिवा लावून त्याने आम्हाला आत बोलावलं. छत खरंच छान दिसत होतं. आम्ही उरलेले पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आत आलं आणि छतावरची प्रत्येक चर, प्रत्येक खळगा सावलीसकट उठून दिसला, नांगरलेल्या शेतासारखा. सरळ खालून उजेड टाकला तर उंचसखलपणा दिसत नाही, बाजूने टाकला तर लपत नाही. पैसे देण्याआधी टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवी धरून बघावं, एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

आठ दिवसांत लांबीचे पापुद्रे सुटू लागले. हाताने ओढला तर पानासारखा अख्खा तुकडा निघून यायचा, आणि त्याच्या मागे जुना रंग तसाच चकचकीत. म्हणजे थर काढला होता तो फक्त उंच दाण्यांचा, उरलेल्यावर लांबी फासली होती, आणि तीही प्राइमर न लावता. तुळतुळीत रंगावर पकड देणारा प्राइमर नसेल तर लांबी धरणारच नाही. फोन केला तर पहिल्यांदा "बघायला येतो", मग "ओल असेल तुमच्या छतात", मग फोनच लागेना.

एका ओळखीच्या, वयस्क रंगाऱ्याला बोलावलं. त्यांनी हॉल पाहिला, मग अडगळीच्या खोलीतला तो गुळगुळीत चौकोन पाहिला आणि लगेच म्हणाले, "नमुना इथे दाखवला ना? इथे रंगच नाही." तेव्हा पहिल्यांदा सगळं उलगडलं. मग त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "आता याला हात लावू नका. आधी तपासून घ्या. तपासल्याशिवाय मीही लावणार नाही." हे शब्द पहिल्या माणसाने उच्चारले असते तर बाकी काहीच घडलं नसतं.

नमुने घ्यायला आम्ही प्रशिक्षित माणूस बोलावला. त्याने खोली बंद केली, जागा आधी ओली केली, बोर्डापर्यंत पूर्ण जाडीचे छोटे तुकडे काढले, तेही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, कारण हा माल हाताने कालवलेला असला तर सगळीकडे सारखा नसतो. दुहेरी पिशवीत घालून ते तपासायला पाठवले. प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात. नुसत्या डोळ्यांनी कुणालाही ते सांगता येत नाही, अनुभवी रंगाऱ्यालासुद्धा नाही. तीनपैकी दोन नमुन्यांत क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲसबेस्टॉस निघालं. प्रमाण थोडं होतं, पण होतं. माझ्या पोटात गोळा आला.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲसबेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग करणारे मानते. आजार व्हायचा तर तो दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. थर अखंड आणि रंगाखाली बंद असेल तर तंतू हवेत फारसे येत नाहीत. धोका वाढतो तो कोरडं घासलं, फोडलं, ड्रिल मारलं की, म्हणजे आमच्याकडे केलं नेमकं तेच. डॉक्टरांनी आईला तपासलं आणि समजावलं की धोका किती तंतू, किती काळ श्वासात गेले यावर ठरतो, आणि एकदोन दिवसांच्या संपर्कानंतर आजार होण्याची शक्यता कमी असते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ज्यांच्याकडे असं घडून गेलंय त्यांनी रात्र रात्र जागू नये. पण त्या आठवड्यात मी जागले.

घरातली धूळ आम्ही आधीच साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढली होती. तेही चुकलंच, त्यातून बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत येतात. मग अतिबारीक धूळही अडवणारी हेपा फिल्टरची यंत्रं आणि ओल्या फडक्यांनी सफाई करणारी माणसं आणावी लागली. गाद्या, पडदे, गालिचा टाकून द्यावे लागले. हवेची तपासणी होईपर्यंत आम्ही घराबाहेर होतो. ठेकेदाराच्या मूळ रकमेच्या कितीतरी पट खर्च झाला. तक्रार नोंदवली आहे. कागदावर सही आमची, आणि कागदात "सपाट" हा शब्द नाही, यावर सगळं अडलंय.

घर जुनं आहे की नवं यावरून अंदाज बांधू नका. अमेरिकेत फवारून लावायच्या सजावटी थरांतल्या ॲसबेस्टॉसवर १९७८ साली बंदी आली, ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर १९९९ साली. देशोदेशी वर्षं वेगळी आहेत. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचीही धूळ वाईट, विशेषतः लहान मुलांना. अहवाल मागा, आणि त्यावर तुमचा पत्ता आणि नमुना घेतल्याची तारीख आहे का ते बघा. नमुना दाखवायची जागा तुम्ही ठरवा: जिथे रंगाचे सगळ्यात जास्त हात आहेत तीच, आणि तीही अहवाल हातात आल्यावरच. कोणत्या पद्धतीने काढणार, रंगाखालून नाही निघालं तर काय करणार, शेवटी छत कसं दिसायला हवं, हे शब्दांत लिहून घ्या. "बघू", "जमेल तसं" असले शब्द कागदावर चालत नाहीत. आणि शेवटचा हप्ता दिवसाच्या उजेडात द्या.

झोपायच्या खोलीचं छत आम्ही काढलं नाही. त्या थराला हात न लावता खालून वेगळा सांगाडा बसवून नवीन बोर्ड लावून घेतला. सांगाड्याच्या आधारासाठी थरात जी मोजकी भोकं पाडावी लागली ती प्रशिक्षित माणसांनीच, ओली ठेवून, हेपा यंत्राने धूळ ओढत पाडली. वजन झेपेल का ते आधी तपासून घेतलं. हॉललाही सफाईनंतर तसंच केलं. आता दोन्ही छतं सपाट आहेत. विजेच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: दोन्ही खोल्यांच्या बोर्डामागे ॲसबेस्टॉस असलेला जुना थर आहे, पंखा किंवा दिवा बसवताना वर ड्रिल मारू नये. घर विकलं तरी तो कागद तिथेच राहील, आणि विकत घेणाऱ्याला मी तो स्वतः दाखवीन.