टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात लिनक्स मिंट: टर्मिनलमधल्या एररसह वापरानंतरचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात ऑफिसचे जुने पीसी अजून धडधाकट आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्यांच्यावर चढेना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकली. याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. बिलं, पीडीएफ, ईमेल यांची काहीच तक्रार नाही. लोक हात टेकतात ते टर्मिनलमधल्या (कमांड टाईप करायच्या खिडकीतल्या) एररपाशी, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

सुताचे कोन मोजायचा वजनकाटा यूएसबी-सिरियल केबलने पीसीला जोडला. पोर्ट उघडायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. काट्यावाला म्हणाला, "साहेब, केबल बदला." केबल ठणठणीत होती. ‘एलएस -एल’ (ls -l, परमिशन दाखवणारी कमांड) ने पोर्ट बघितला तर मालक रूट, म्हणजे सिस्टमचा मुख्य युझर, आणि ग्रुप डायलआऊट, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेला ग्रुप. म्हणजे आपला युझर त्या ग्रुपमध्ये हवा. ‘सुडो युझरमॉड -एजी डायलआऊट’ (sudo usermod -aG dialout) आणि पुढे युझरचं नाव, एवढंच काम. यातला ‘ए’ गाळू नका, नाहीतर युझर बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडो ग्रुपमधूनसुद्धा. नंतर लॉगआऊट करून परत लॉगिन करायचं, कारण ग्रुप लॉगिनच्या वेळीच लागू होतात. आता काट्यावर कोन ठेवला की वजन थेट स्क्रीनवर उमटतं. आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) काट्याशी जुळवा. त्या चिन्हांनी टर्मिनलच बिघडला तर ‘रीसेट’ टाईप करून एंटर मारा. आणि टर्मिनल गोठल्यासारखा वाटला तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा, बऱ्याचदा चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं.

डिझाइन मास्तरांची फाइल उघडत नव्हती तेव्हा फाइलच्या परमिशन बरोबर होत्या, अडवत होतं वरचं फोल्डर. फोल्डरला ‘एक्स’ म्हणजे आतून पुढे जायची मुभा, आणि ती वाटेतल्या प्रत्येक फोल्डरला लागते. ‘नेमआय -एल’ (namei -l) पूर्ण रस्ता ओळीनं दाखवतं. ही कमांड फारशी कुणी सांगत नाही, मला मात्र सगळ्यात उपयोगी वाटली. अशा वेळी सर्रास ‘सीएचमॉड ७७७’ (chmod 777, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा) सुचवतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. हिशेबाच्या फाइलवर कुणीही हात फिरवावा अशी सोय कशाला करून ठेवायची? शिवाय फॅट किंवा एक्सफॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर लिनक्सच्या परमिशन साठवल्याच जात नाहीत, तिथे सीएचमॉडचा उपयोग नाही.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ ही मात्र परमिशनची भानगड नाही. लाईट अचानक गेल्यावर किंवा हार्डडिस्क खराब होऊ लागल्यावर सिस्टम स्वतःच लिहिणं थांबवते, डेटा वाचावा म्हणून. ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg, सिस्टमचे संदेश दाखवणारी कमांड) च्या शेवटच्या ओळी वाचा. आय-ओ एरर (डिस्क वाचता-लिहिता न आल्याच्या) दिसल्या तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं. डिस्क दुरुस्त करणारी एफएससीके (fsck) कमांड माउंट असलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, पार्टिशनवर चालवू नका.

जागा असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं तर ‘डीएफ -आय’ (df -i) बघा, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेले असू शकतात.

एररचा मजकूर अक्षरशः वाचायची सवय ज्यांना लावता येईल, त्यांनी बिनधास्त मिंट घ्यावं. आमचं जॅकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तेवढा एक पीसी इंटरनेट काढून तसाच ठेवलाय.