‘प्रायोगिक नमुना क्र. ३’: काळ्या झोर्कीपासून सावध

सोव्हिएत कॅमेरे जमवणाऱ्याला नकली लायका, म्हणजे नामांकित जर्मन कॅमेऱ्याची नक्कल, ओळखणं जड जात नाही. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, ड्राय ब्रिजवरच्या जुन्या बाजारात असे लायका मांडलेलेच असतात: फेड नाहीतर झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्याचं नाव घासून टाकलेलं, वर गरुड आणि स्वस्तिक कोरलेलं, हौसेने सोनेरी मुलामाही दिलेला. लेन्स काढून आत डोकावलं की निकाल लागतो. खऱ्या लायकात रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीला बारीक गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात त्या जागी चपटी पट्टी. ‘कारखान्यातला प्रायोगिक नमुना’ म्हणून जे खपवतात त्याचं तसं नाही. जगात एकच आहे म्हटल्यावर पडताळायचं कशाशी?

माझा विक्रेता त्याच बाजारातला. त्याच्याकडून आधी एक कीव्ह, हाही सोव्हिएत कॅमेराच, घेतला होता. माल चोख, भाव रास्त, आणि शटर अधूनमधून अडकतं हे त्याने आपणहून सांगितलेलं. मी पुण्याला परतल्यावर व्हॉट्सॲपवर फोटो आले. काळा झोर्की, समोर नाव नाही, वरच्या पत्र्यावर रशियनमध्ये ‘प्रायोगिक नमुना क्र. ३’.

त्याने सांगितलेली गोष्ट अशी की १९५५ साली क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झोर्की-४ ची तयारी चालली होती, तेव्हा रील पुढे सरकवायला फिरकीऐवजी लिव्हर लावून मोजके कॅमेरे बनवले. ते मागे पडले आणि एक कुणा निवृत्त इंजिनियरच्या घरी राहिला. रचणाऱ्याला दाद द्यावी लागेल. झोर्की-४ १९५६ मध्ये आला तो फिरकी घेऊन, आणि त्याला लिव्हर लागला तो १९७२ च्या झोर्की-४के मध्ये. ही सालं ज्याला पाठ आहेत त्यालाच ही गोष्ट पटते. नवख्याला त्यात काही वाटणारही नाही.

किंमत १,१०,००० रुपये. विक्रीची साइट कमिशन कापते, म्हणून पैसे थेट बँकेत. पार्सलवर २० डॉलर लिहितो, तुमची कस्टम ड्युटी वाचेल, हेही त्यानेच सुचवलं. खरी मेख इथे आहे. कागदोपत्री व्यवहार झाला २० डॉलरच्या जुन्या कॅमेऱ्याचा. लाखाची तक्रार कोण ऐकून घेणार?

कॅमेऱ्यासोबत त्याचा पासपोर्ट आला, म्हणजे सोव्हिएत कॅमेऱ्याबरोबर मिळायची ती नंबर आणि तपासणीचा शिक्का असलेली पुस्तिका. नंबराची जागा ब्लेडने खरवडलेली. कागद तिथे मऊ, बोटाला लव लागल्यासारखा, आणि उजेडासमोर धरला की पातळ दिसणारा. शेवटच्या पानावर पंचकोनी चिन्ह छापलेलं होतं, सोव्हिएत सरकारचं गुणवत्ता चिन्ह. ते सुरू झालं १९६७ साली! १९५५ च्या नमुन्याला ते कुठून चिकटलं?

मग टेबललॅम्प तिरका धरून पत्रा पाहिला. कोरलेल्या अक्षरांच्या कडांना रंगाचे टवके उडाले होते, म्हणजे आधी रंग दिला आणि मग कोरलं. समोर, रंगाखाली, घासूनही पुरतं न गेलेलं नाव: शेवटचं अक्षर ‘के’. पाठीमागचा नंबर साफ घासलेला. ज्युपिटर-८ लेन्सच्या कड्यावरचा नंबर ७४ ने सुरू होत होता, आणि त्या काळच्या सोव्हिएत लेन्सवर पहिले दोन आकडे सहसा सालाचे असतात. लेन्स नंतर बदलली असं एखादा म्हणेल. पासपोर्टचं काय म्हणणार? साधा झोर्की-४के काही हजारांत मिळतो.

विचारल्यावर आधी ‘भाषांतरात घोळ झाला’, मग ‘परत पाठवा, पण पार्सलवर २० डॉलरच लिहा’, आणि नंतर मेसेज जाईनासे झाले.

सध्या अगदी तसाच काळा झोर्की ‘नमुना क्र. ५’ म्हणून फिरतोय. फोटो सगळे समोरून आणि वरून. तुमच्याकडे आला तर मागच्या पत्र्याचा, दिवा तिरका धरून काढलेला फोटो मागा आणि पासपोर्टचं पानन् पान मागवा. टाळाटाळ झाली की विषय तिथेच सोडा. दोन्ही मिळालं तरी पैसे साइटवरूनच द्या आणि पार्सलवर खरी किंमत लिहायला लावा, ड्युटी भरावी लागली तरी.