ट्रंकेतलं शिंग, शंख आणि जीवाश्म: ऑनलाइन विकायचं तर कुठे?

ठाण्याच्या नौपाड्यातली आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नानांच्या माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली आली. नानांचे वडील रेल्वेत होते. कच्छपासून मद्रासपर्यंत बदल्या झाल्या, आणि जातील तिथून काहीतरी उचलून आणायची त्यांना हौस. ट्रंकेतून निघालेली मालमत्ता अशी: लाकडी पाटीवर ठोकलेलं सांबरशिंग, मोरपिसांची जुडी, दोन शंख, कवड्या-शिंपल्यांचा बिस्किटांचा डबा आणि त्यात तपकिरी पट्ट्यांचा मोठा नॉटिलस (गुंडाळीसारखा समुद्री शंख), म्हशीच्या शिंगाचा कंगवा, पांढरट मुठीचा कागद कापायचा सुरा आणि कच्छमधले तीन अमोनाइट, म्हणजे नामशेष समुद्री प्राण्यांचे गुंडाळीदार जीवाश्म. देवघरातून ट्रंकेत गेलेला एक शाळिग्रामसुद्धा.

"तू ते दगड विकतेस ना ऑनलाइन? मग यातलं काय कुठे टाकायचं ते सांग," नाना म्हणाले. भाड्याच्या घरात जागा नाही आणि मुलगा म्हणतो सगळं फुंकून टाका.

मी एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारपेठेवर खनिजांचं छोटं दुकान चालवते. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये सापडणारे स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइट वगैरे. त्यामुळे अशा ट्रंका घेऊन वर्षाकाठी दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न अ‍ॅपचाच असतो. कुठल्या अ‍ॅपवर चालेल हे विचारण्याआधी त्या वस्तूला भारतातून विकायची परवानगी आहे का, हे बघावं लागतं. अ‍ॅप आणि कायदा यांचं एकमेकांशी जुळतंच असं नाही. काही ठिकाणी अ‍ॅप कायद्याहून कडक, काही ठिकाणी अगदी सैल.

नानांची मोरपिसंच घ्या. एट्सी उघडून शोधा, परदेशी विक्रेत्यांची मोरपिसं ढिगाने दिसतील. भारतात नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसांच्या देशांतर्गत विक्रीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सूट आहे, पण निर्यातीला बंदी. म्हणजे जांभळी नाक्यावर पिसं विकत मिळतात, गोकुळाष्टमीला आपण घेतोही, पण तीच जुडी पाकिटात घालून अमेरिकेला पाठवली तर गुन्हा. अ‍ॅपवर पर्याय दिसतो म्हणून विक्रेता फसतो तो इथे.

नॉटिलसचं तेच. २००१ साली शंख-शिंपल्यांच्या चोवीस जाती या कायद्याच्या सूचीत आल्या आणि नॉटिलस त्यातला अगदी वरच्या संरक्षणाचा. प्रवाळ, म्हणजे किनाऱ्यावरून आणलेल्या त्या पांढऱ्या फांद्या, त्यासुद्धा सूचीत. पूजेचा साधा शंख मात्र सूचीत नाही. कवड्यांच्या तीन जाती आहेत, पण भवानीच्या परडीतली नेहमीची पिवळट कवडी त्यात येत नाही. नानांच्या डब्यातल्या कवड्या मी भिंगाखाली एकेक करून पाहिल्या. पाठ गुळगुळीत, कडेला गाठी, पोटाला बारीक दात: सगळ्या साध्या. ज्यांना असं ओळखता येत नसेल त्यांनी डबा विकायच्या फंदात पडू नये. आतला एक चुकीचा शिंपला पुरतो.

शिक्षेचाही अंदाज असलेला बरा. २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या सूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. "आजोबांच्या काळातलं आहे" हा बचाव इथे चालत नाही. संरक्षित प्राण्याची वस्तू घरात ठेवायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ते असलं तर वस्तू वारसाने पुढे जाऊ शकते, विकता मात्र येत नाही. सांबरशिंग, वाघनखाचं लॉकेट, साळिंदराचे काटे असं काही घरी असलेल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढ्या गाळणीतून नानांच्या ट्रंकेतले चार-पाच नगच उरले. आता त्यांच्यासाठी दुकानं बघू.

एट्सी मला सवयीची, म्हणून तिच्यापासून सुरुवात. प्राणिजन्य वस्तूंबद्दल तिचा नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहे: धोक्यातल्या प्रजातींपासून बनलेलं काहीही नको, कुत्र्या-मांजराची कातडी किंवा अवयव नकोत, मानवी अवशेष नकोत (केस आणि दात सोडून), आणि हस्तिदंत कुठल्याही रूपात नको. त्या "कुठल्याही रूपात" मध्ये जीवाश्म झालेला हस्तिदंत आणि मॅमथचा दातही येतो. मॅमथ नामशेष झालेला, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीतही नाही, मग बंदी का? कारण फोटोवरून मॅमथ आणि हत्ती वेगळे करता येत नाहीत. दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. त्यांचा कोन मॅमथमध्ये काटकोनाहून कमी, हत्तीत साधारण ११५ अंशांहून जास्त. हे भिंग आणि कोनमापक घेऊन बघायचं काम, मोबाइलच्या फोटोत कोण बघणार? त्यामुळे मॅमथच्या नावाखाली हत्ती खपवला जातो. एट्सीने दोन्ही दारं बंद केली हे मला पटतं.

नानांच्या सुऱ्याची मूठ मी त्याच भिंगाखाली धरली. छेदणाऱ्या रेषा दिसल्या नाहीत. त्याऐवजी गडद बारीक ठिपके आणि लांबट चिरा, म्हणजे हाड. हस्तिदंत नव्हे, पण कुठल्या प्राण्याचं हे सांगणं माझ्या कुवतीबाहेरचं. अशी वस्तू मी विकायला घेत नाही, आणि नानांनाही घेऊ दिली नाही.

जीवाश्मांना एट्सीवर हरकत नाही, म्हशीच्या शिंगाच्या वस्तूंनाही नाही. खर्च: एका वस्तूच्या लिस्टिंगला, म्हणजे ती विक्रीला मांडायला, चार महिन्यांसाठी ०.२० डॉलर, विकली गेली की साडेसहा टक्के. 'विंटेज' विभागात वस्तू किमान वीस वर्षं जुनी असावी अशी अट आहे. नानांचे अमोनाइट ज्युरासिक काळातले, निदान १४ कोटी वर्षांचे. ती अट ते सहज पुरी करतील असं मी म्हटलं, तर नाना पाच मिनिटं हसत होते.

ईबे ही दुसरी परदेशी ऑनलाइन बाजारपेठ, तिचं गिऱ्हाईक वेगळं. एट्सीवर घर सजवणारे येतात, ईबेवर संग्राहक. 'छान गोल दगड' असं लिहिलेलं तिथे विकलं जात नाही. खडकाच्या थराचं नाव, गाव, जमल्यास प्रजाती द्यावी लागते, आणि लिलावाला लावलं तर जाणकार दोघं एकमेकांवर बोली चढवतात. जीवाश्मांचा स्वतंत्र विभाग आहे. हस्तिदंतावर ईबेने जानेवारी २००९ पासून बंदी आणली. २०१८ मध्ये वन्यजीवांचा ऑनलाइन व्यापार रोखायला कंपन्यांची जी आघाडी उभी राहिली, तिच्यात ईबे, एट्सी आणि फेसबुक तिघंही आहेत. एक गैरसमज मात्र अजून भेटतो: पूर्वी भारतातल्या भारतात खरेदी-विक्रीचं ईबे होतं, ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. आता इथून ईबेवर विकायचं म्हणजे निर्यातच करायची.

आणि निर्यात म्हटली की आयात-निर्यात कोड आला, त्याची फी पाचशे रुपये, मग बँकेची कागदपत्रं, कुरियरचा भाव आणि सीमाशुल्काच्या प्रश्नांची उत्तरं. एट्सीवरून परदेशी पाठवतानाही हेच. पन्नास-शंभर नग असतील तर हा व्याप परवडतो. तीन अमोनाइटसाठी नाही. माझं दुकान चालतं कारण माझ्याकडे माल सतत येत असतो. नानांकडे ट्रंक एकच.

जीवाश्मांच्या कायद्यावर दोन शब्द, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. भारतात जीवाश्मांच्या विक्रीसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. भूवारशाच्या (महत्त्वाच्या खडक-जीवाश्मांच्या) संरक्षणाच्या कायद्याचा एक मसुदा २०२२ च्या डिसेंबरात सूचना-हरकतींसाठी जाहीर झाला होता. पण वेगळा कायदा नाही म्हणजे रान मोकळं, असंही नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलातला दगड आणि खनिजं वनोपजात मोडतात. सिरोंच्याजवळच्या वडधममध्ये किंवा दिंडोरीच्या घुघवामध्ये जीवाश्म उद्यानं आहेत, तिथला तुकडा खिशात घालणं म्हणजे सरळ चोरी. परदेशात तर नियम आणखी कडक असू शकतात. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारच्या मालकीचे, मंगोलियातून बाहेर नेता येत नाहीत. तेव्हा 'कुठून, कधी, कोणी आणलं' याची चिठ्ठी वस्तूसोबत असणं हे दोन्ही अ‍ॅपवर किमतीतही दिसतं. नानांच्या वडिलांनी प्रत्येक अमोनाइटला कागद चिकटवला होता, त्यावर निळ्या शाईत गावाचं नाव आणि तारीख. धुऊन काढायला निघाले होते नाना. मी हात धरला.

फेसबुक मार्केटप्लेस फुकट. गिऱ्हाईक ठाण्यातलंच, स्टेशनबाहेर भेटून हातोहात व्यवहार. पण प्राणिजन्य वस्तूंबद्दल नियम या सगळ्यांत कडक: हाड, दात, शिंग, हस्तिदंत, पेंढा भरलेले प्राणी, काहीच चालत नाही. म्हणजे नानांचा कंगवा कायद्याने विकता येतो, एट्सीवरही चालतो, इथे मात्र नाही. जीवाश्मांचं नाव त्या यादीत नाही, पण शार्कचा जीवाश्म दात टाकाल तर 'दात' शब्दावरच गाडी अडणार. ओएलएक्स किंवा सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही भिंतीवरची जाहिरात समजा. जबाबदारी पूर्ण तुमची. अ‍ॅमेझॉनचा विचार एक-दोन जुन्या वस्तूंसाठी करू नका, तो पक्क्या व्यापाऱ्याचा धंदा.

शब्दांवरून गाडी अडते हे मी स्वतः भोगलंय. एका बाजारपेठेवर (नाव घेत नाही) मी 'कोरल रंगाचा स्टिलबाइट' असं लिहिलं. गुलाबी-नारिंगी दगड, रंग अगदी तसाच. पण 'कोरल' म्हणजे प्रवाळही. दुसऱ्या दिवशी लिस्टिंग गायब आणि खात्यावर ताकीद. हा खनिजाचा तुकडा आहे, समुद्रातलं काही नाही, हे समजावण्यात नऊ दिवस गेले. तेव्हापासून मी 'पीच' लिहिते. वर्णन लिहिताना प्राण्याचं नाव उपमेलाही वापरू नका.

याच्या उलटही घडलंय, आणि ते जास्त वाईट. २०१७ मध्ये उघड झालं की ऑनलाइन दुकानांत 'हत्थाजोडी' म्हणून, दुर्मिळ मुळी म्हणून, जे विकलं जात होतं, ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय होतं. वर्णनात प्राण्याचा उल्लेख नसल्याने ते गाळणीतून सुटलं. घेणाऱ्यांनी देव्हाऱ्यात ठेवून शेंदूर लावला, आणि नकळत संरक्षित प्राण्याचा अवयव बाळगल्याचे धनी झाले. म्हणून नशीब उजळवणाऱ्या मुळ्या, कोल्ह्याची तथाकथित शिंगं असलं काही ट्रंकेत निघालं तर लिस्टिंगच्या वाटेला जाऊ नका.

नानांना शेवटी मी काय सांगितलं? अमोनाइट लेबलांसकट एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला विचारून द्यावेत, किंवा विकायचेच तर भारतातल्या भारतात, ओळखीच्या संग्राहकाला, लेबलं न काढता. दहाएक अमोनाइट असते तर ईबे म्हटलं असतं. कंगवा एट्सीवर माझ्या दुकानातून जाऊ शकतो, पण तो नानांच्या पत्नीने, काकूंनी, परत घेतला, त्या अजून वापरतात. शंख आणि कवड्या घरी. शाळिग्रामही गंडकीतला अमोनाइटच, जीवाश्म म्हणून विकायला अ‍ॅपवर अडचण नव्हती. मी तसं सुचवताच काकू आतून म्हणाल्या, "शाळिग्राम विकत नसतात गं, देतात." विषय मिटला. नॉटिलससाठी वकिलाला विचारून वनखात्याला लेखी कळवायचं ठरलं.

राहिलं सांबरशिंग. पाटी उलटी केली तर मागे पिवळा पडलेला कागद चार खिळ्यांखाली दडपलेला: वनखात्याचा शिक्का, वडिलांचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक. नानांनी चष्मा वर करून दोनदा वाचला. आता वारस म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करून घ्यायला ते वनखात्याच्या कार्यालयात जाणार आहेत. शिंग तोवर जुन्या नऊवारीत गुंडाळून, कोलशेतच्या भाड्याच्या घरात, पलंगाखाली.