आजोबांच्या दुनळीला अक्रोडाचा नवा दस्ता : ३०,३०० रुपयांचा हिशेब

आमच्या घरी शेतीसंरक्षण परवान्यावर असलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आजोबांपासून चालत आली आहे. गेल्या वर्षी तिच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडी भागाला, मानेजवळ, म्हणजे हाताची मूठ बसते त्या अरुंद जागी, बोटभर लांबीची चीर गेलेली दिसली. गावातल्या सुताराने सागवानाचा दस्ता दोन दिवसांत करून देण्याची तयारी दाखवली होती. परंतु शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय असल्यामुळे मी ती कोल्हापुरातील एका परवानाधारक दुरुस्ती दुकानात नेली. तेथील कामाबद्दल आणि खर्चाबद्दल सविस्तर लिहीत आहे, कारण असा दस्ता करून घेणाऱ्याला दर कशाचा पडतो हे आधी समजायला हवे.

वृद्ध कारागिराने जुना दस्ता काढल्यावर आतले लाकूड काळे आणि मऊ पडलेले होते. बंदूक वर्षानुवर्षे नळ्या वर करून कपाटात उभी ठेवल्याने यंत्राला (नळ्यांमागच्या, चाप असलेल्या लोखंडी भागाला) लावलेले तेल खाली झिरपत राहिले आणि लाकडाने ते शोषून घेतले, हे त्यांनी नखाने खरवडून दाखवले. तेल दिल्यानंतर ती काही दिवस नळ्या खाली करून ठेवावी, हा त्यांचा सल्ला आम्ही आता पाळतो.

लाकडाविषयी मी सागवानाचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "दादा, घाई असंल तर सागवान लावून देतो, पण मानेला चीर गेली की परत यावं लागंल." त्यांची पसंती अक्रोडाला होती. अक्रोड वजनाला बेताचा, धक्का सोसणारा आणि हवामान बदलले तरी फारसा न वाकणारा, शिवाय पकडीसाठी मुठीवर बारीक रेषांची जाळी कोरताना त्याच्या कडा ढलप्या होऊन उडत नाहीत. काश्मिरी अक्रोडाचा सतरा इंच लांब, अडीच इंच जाड, पूर्ण वाळलेला ठोकळा ७,५०० रुपयांना पडला. त्याहून सुंदर रेषांचा एक ठोकळा दुकानात होता, पण त्याच्या रेषा मानेत आडव्या जात होत्या. मान तुटते ती अशाच ठिकाणी, म्हणून त्यांनी तो मला विकला नाही. या एका गोष्टीमुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सर्वांत मोठा आकडा मजुरीचा आहे : १६,००० रुपये. काम प्रत्यक्ष पाहिल्यावर तो मला जास्त वाटला नाही. लाकडात यंत्र बसवण्यासाठी ते लोखंडाला दिव्याची काजळी लावत, ते खाचेत दाबून हलक्या हाताने ठोकत आणि परत बाहेर काढत. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटेल तेवढाच भाग पटाशीने कागदाच्या जाडीइतका खरवडत आणि पुन्हा काजळी लावत. मी बसलो होतो त्या तासाभरात हे एकवीस वेळा झाले आणि खाच जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) खोल गेली. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का यंत्राच्या मागच्या बाजूने लाकडावर येतो. तिथे लोखंड सगळीकडे सारखे टेकलेले नसेल, तर सारा जोर एका टोकावर पडून लाकूड फाटते. आमच्या जुन्या दस्त्याची चीर तिथूनच सुरू झाली होती.

मापही त्यांनी मन लावून घेतले. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत जुनी लांबी सव्वाचौदा इंच होती आणि माझ्या हाताला ती जास्त पडत होती, म्हणून नवा दस्ता पावणेचौदा इंचांचा केला. अर्धवट घडलेला दस्ता लावून त्यांनी मला रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावायला आणि मग डोळे उघडायला सांगितले. नळ्यांच्या टोकावरचा नेमबिंदू किंचित वर दिसतो असे सांगताच गाल टेकतो तिथे अर्धा सूत लाकूड उतरवले.

तक्रारी तीन आहेत आणि त्या मी दुकानातही बोललो. तोंडी अंदाज २७,००० रुपयांचा होता. त्यात लाकूड, मजुरी आणि जाळीचे ३,५०० रुपये होते, मात्र जवसाच्या तेलाच्या हातांचे १,५०० आणि रबरी टोकाचे १,८०० रुपये बिलात वेगळे आले. "सगळं धरून" हे शब्द मी स्वतः ऐकलेले असताना हे बरोबर झाले नाही. दुसरे, दीड महिन्याची मुदत साडेतीन महिन्यांवर गेली. पावसाळ्यात तेलाचा एकेक हात वाळायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण ते जूनमध्ये बंदूक घेतानाच सांगता आले असते. तिसरे, नळ्यांखालचा लाकडी तुकडा जुनाच ठेवल्यामुळे उन्हात दोन रंग स्पष्ट वेगळे दिसतात, आणि याची कल्पना कोणी दिली नव्हती.

तरीही दस्त्याच्या कामात मला खोट काढता आलेली नाही. लोखंड आणि लाकूड यांच्या सांध्यात पोस्टकार्डाचा कोपराही शिरत नाही, मुठीवरच्या जाळीची एकही रेष कडेबाहेर गेलेली नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत चार महिने काढूनही सांधा जसाच्या तसा आहे. नळ्यांखालचा तुकडा याच कारागिराकडून अक्रोडात करून घेण्यासाठी मी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. या वेळी अंदाज लेखी आहे : तेल धरून ६,५०० रुपये.